हाताने कापलेलं नाव

लग्नाच्या कार्यालयात रुखवताचं टेबल अजून मांडलं जातं, पण त्यावरचं बरंचसं सामान आता भाड्याने येतं. सजवलेल्या सुपाऱ्या, छोटी पालखी, एमडीएफमधून कापलेलं तुळशीवृंदावन, सगळं एका खोक्यातून निघतं आणि पंगती उठल्या की त्याच खोक्यात परत जातं. रुखवत मुळात वधूच्या मावश्या, आत्या, बहिणी, मैत्रिणी यांनी महिने-महिने खपून केलेलं असे. कुणाचा क्रोशाचा रुमाल, कुणाचं मण्यांचं तोरण, कुणी डाळी-तांदळांतून उभा केलेला गणपती. पाहुणे ‘हे कुणी केलं?’ असं विचारत आणि वधूची आई करणारीला हाक मारून पुढे बोलावत असे.

दुसरीकडे परतभेटींचा ढीग आहे. मुंज, बारसं, साठी, वास्तुशांत; प्रत्येक समारंभाहून घरी येताना हातात एक पिशवी असते. तिच्यातला स्टीलचा डबा निदान स्वयंपाकघरात जातो. बाकीच्या वस्तू माळ्यावर चढतात आणि पुढच्या समारंभात दुसऱ्याच्या पिशवीत उतरतात. देणाऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलेलं नसतं, घेणाराही पाहत नाही.

वेळ नाही, जागा नाही, ही सबब पुष्कळ घरांत खरी आहे. तरीही हाताने काहीतरी करून आपल्या माणसाला द्यावं ही हौस मेलेली नाही. गणपतीच्या आधी मखरासाठी रात्री जागणारी घरं आहेत, दिवाळीत कंदिलाच्या कामट्या तासणारी मुलं आहेत. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलवर बंदी आणल्यावर अशी कितीतरी घरं पुठ्ठ्याकडे आणि प्लायवूडकडे वळली. त्या हौसेला एक चांगलं हत्यार हवं आहे. लाकडाची नक्षी कापणारा स्क्रोल सॉ हे ते हत्यार आहे. मराठी घरात त्याला कोपरा मिळावा आणि मराठी शाळेत तर तो मिळायलाच हवा.

स्क्रोल सॉ म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारं विजेचं करवतयंत्र. ज्याने शिलाई मशीन चालवलं आहे त्याला ते लगेच कळतं. शिलाईत सुई जागेवर वर-खाली होते आणि कापड हाताने फिरवावं लागतं. इथे सुईच्या जागी ५ इंच लांबीचं पातं असतं आणि कापडाच्या जागी फळी. पातं साधारण दोन सेंटिमीटर वर-खाली होतं, मिनिटाला ४०० पासून १,७०० वेळांपर्यंत. रोजच्या कामाचं ५ नंबरचं पातं रुंदीला मिलिमीटरभर आणि जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतं. इतकं अरुंद असल्यामुळेच ते जवळजवळ जागच्या जागी वळतं आणि मोराच्या तुऱ्यातूनही वाट काढतं. पातं पुरेसं ताणलं आहे का, हे बोटाने छेडून ओळखतात. नीट ताणलेलं पातं तारेसारखं स्वच्छ वाजतं, ढिलं असेल तर आवाज बसका येतो. दाते पाडताना पात्याच्या एका कडेला बारीक कंगोरा राहतो, त्यामुळे ते सरळ न जाता जरासं एका अंगाला ओढतं. नवशिक्याला वाटतं आपला हातच वाकडा. फळी किंचित तिरकी धरून ढकलली की रेघ सरळ येते, आणि ही युक्ती पहिल्या दिवशी सांगणारं कुणी भेटलं तर पुष्कळांची हौस दुसऱ्या दिवशी टिकते.

साधं यंत्र मध्यम किमतीच्या मोबाइलइतक्या पैशांत येतं. तेही नको असेल तर हाताची करवत आहेच. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची लोखंडी चौकट, दोन टोकांना पातं आवळायचे स्क्रू आणि खाली लाकडी मूठ. सुतारकाम शिकवणाऱ्या शाळांमधून तिला फ्रेटसॉ म्हणत. जर्मन माणसं तिला ‘लाउबझेगे’ म्हणतात. लाउब म्हणजे झाडाची पालवी. लाकडातून पानं आणि वेली कापणारी ती पालवीकरवत.

कुणासाठी काय करायचं, याचा विचार सुरू झाला की बहुतेकांना पहिल्यांदा नाव सुचतं. दारावर लावायचं, टेबलावर ठेवायचं, बाळाच्या पाळण्याला बांधायचं नाव. इथे देवनागरी लिपी कापणाऱ्याच्या मदतीला येते. रोमन अक्षरं कापली की सुटी होतात आणि त्यांना खाली पट्टी जोडावी लागते. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. ‘कमल’ किंवा ‘सरिता’ कापलं की अख्खं नाव एका तुकड्यात हातात येतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी अक्षरं रेषेला लोंबत राहतात.

पण सगळी नावं इतकी सरळ नसतात. ‘राधा’ घ्या. ‘ध’च्या डाव्या गाठीवर शिरोरेषा नसते, त्यामुळे ‘रा’ आणि ‘धा’ कापता कापता वेगळे होतात. ‘माधव’चंही तेच. घाईत कुणी वरची रेषा सलग ओढली तर ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘राधा’ची ‘राघा’ होते. ‘विभा’मध्ये तर हीच चूक नावाचा ‘विमा’ करून टाकते. यावर उपाय असा, की ‘ध’ची गाठ आधीच्या काना-दांडीला खाली कुठेतरी केसभर टेकवायची, वाचताना खुपणार नाही अशा ठिकाणी. अनुस्वाराचं टिंब हवेत तरंगू शकत नाही. त्याला बारीक देठ काढून शिरोरेषेवर बसवावं लागतं, फुलाच्या कळीसारखं. ‘व’च्या पोटात एक भोक, ‘ब’च्या पोटात दोन. प्रत्येक बंद जागेसाठी आधी ड्रिलने छिद्र पाडायचं, पातं वरून सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताणायचं, छेडून पाहायचं आणि मग कापायचं. देवघराच्या एका जाळीत साठ भोकं असतील तर हा सगळा खटाटोप साठ वेळा होतो. आतली कापणी आधी आणि बाहेरची शेवटी, हा नियम कुणी मोडत नाही, कारण बाहेरची कड सुटली की हातात धरायला फळीच उरत नाही.

लाकडाचंही ऐकावं लागतं. भरीव लाकडात शिरोरेषा रेषांच्या दिशेने ठेवली तर ती मजबूत राहते, पण मग उभे काने रेषांना आडवे जातात आणि हलक्या धक्क्यानेही तुटतात. प्लायवूडमध्ये पापुद्रे आलटून पालटून आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून बारीक अक्षरांसाठी तेच बरं.

आता लेझरचा मुद्दा घ्यायला हवा, कारण तो प्रत्येक जण काढतो. गल्लीतल्या दुकानात नाव टंकून दिलं की काही मिनिटांत कापून मिळतं, तेही स्वस्तात. शंभर पाहुण्यांसाठी शंभर एकसारख्या पट्ट्या हव्या असतील तर लेझरच योग्य, त्यात कमीपणा नाही. मात्र तिथे ‘राधा’ हे नाव एका फाँटमधून उचललं जातं आणि अक्षरं सुटी होऊ नयेत म्हणून खाली सरळसोट पट्टी जोडली जाते. राधाला ओळखणारा माणूस हाताने कापायला बसतो तेव्हा त्याला ‘ध’पाशी थांबावं लागतं. गाठ कुठे टेकवायची, शिरोरेषा जाड ठेवायची की नाजूक, लाकूड काळपट शिसवाचं घ्यायचं की पिवळसर फणसाचं, ही सगळी निवड राधाला डोळ्यांपुढे ठेवून होते. दीड-दोन तास तो तिच्या नावाशी बसलेला असतो. भेटीत हेच दिलं जातं, आणि ते दुकानात मिळत नाही.

नावापलीकडे गेलं की खरी मजा सुरू होते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरकडची मुलं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. बाजारात नंदी हवे तेवढे मिळतात, पण आजोबांनी केलेला नंदी ओढणारं पोर रांगेत वेगळं चालतं. स्क्रोल सॉवर असा नंदी घडवायची एक सुरेख रीत आहे. चौकोनी ठोकळ्याच्या एका बाजूवर बैलाची बाजूने दिसणारी आकृती चिकटवायची, तिला लागून असलेल्या दुसऱ्या बाजूवर समोरून दिसणारी. एक बाजू कापायची, सुटलेले तुकडे न टाकता पुन्हा जागेवर बसवायचे, सगळ्याला चिकटपट्टी गुंडाळायची आणि ठोकळा फिरवून दुसरी बाजू कापायची. मग चिकटपट्टी सोडली की आठ-दहा फालतू तुकडे गळून पडतात आणि आतून चार पायांचा, वशिंडाचा, शिंगांचा बैल उभा राहतो. हे जो पहिल्यांदा पाहतो तो मोठा असला तरी क्षणभर लहान होतो. खाली पाटली, पाटलीला चार चाकं, पुढे दोरी. इतकं केलं की काम झालं.

परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचं कोडं हीही उत्तम भेट आहे, आणि तिला मोठी परंपरा आहे. जिगसॉ कोड्याचा जन्मच नकाशातून झाला. १७६० च्या दशकात लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्याने महोगनीच्या फळीवर नकाशा चिकटवला, सीमारेषांवरून करवत चालवली आणि मुलांना भूगोल शिकवायला ते तुकडे विकले. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाल्यापासून आपले ३६ जिल्हे आहेत. कापायला बसलं की नकाशा वेगळाच कळतो. अहिल्यानगर जिल्हा १७,००० चौरस किलोमीटरहून मोठा, मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरचा. अहिल्यानगरचा तुकडा ६ सेंटिमीटर रुंद धरला तर मुंबई शहराचा तुकडा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, हरभऱ्याएवढा निघतो. तीन वर्षांखालचं मूल तो तोंडात घालील. म्हणून मुंबई शहर आणि उपनगर एकत्र कापावेत, आणि तरीही हे कोडं पाच-सहा वर्षांच्या मुलालाच द्यावं. सिंधुदुर्गाची खालची कड, गडचिरोलीचं दक्षिणेला उतरलेलं टोक, नंदुरबारचा वरचा कोपरा; आजीआजोबांनी हे बोटाखालून फिरवलेलं असतं आणि मग व्हिडिओ कॉलवर नातवाला ते सांगताना त्यांना पुस्तक उघडावं लागत नाही.

लाकडाची नक्षी कापण्याची लाट ज्या ज्या काळात उसळली, तो काळ पाहण्यासारखा आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगराळ भागात, एर्त्सगेबिर्गे या खाणपट्ट्यात, चांदी आणि कथलाच्या खाणी आटत गेल्या तशी खाणकामगारांची कुटुंबं लाकूडकामाकडे वळली. झायफेन हे गाव लाकडी खेळण्यांसाठी जगभर ओळखलं जातं ते त्यामुळे. नाताळात त्या मुलखात खिडकीखिडकीत मेणबत्त्यांच्या कमानी लागतात. त्यांतली सर्वांत जुनी माहीत असलेली कमान १७४० ची आहे आणि ती लोखंडाची आहे. पुढे घराघरांत पालवीकरवतीने लाकडाच्या कमानी कापल्या जाऊ लागल्या. त्यांत खाणकामगार, देवदूत, गावातलं चर्च असं आपल्या भोवतालचंच जग कापलेलं असतं.

इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचं साप्ताहिक निघालं आणि अंकासोबत करवतकामाचा नमुना फुकट देऊ लागलं. नॉरफॉकमधल्या डेरहॅम गावची ही कंपनी करवती, पाती आणि पायाने चालवायची यंत्रंही विकत असे. अमेरिकेत त्याआधी, १८७० च्या दशकापासून, इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या बार्न्स कंपनीची पायटा मारून चालवायची स्क्रोल सॉ यंत्रं घरोघरी पोचत होती. मग १९३२-३३ च्या महामंदीत तिथे कोड्यांचं वेड पसरलं. पुठ्ठ्याची कोडी तर १९३३ च्या सुरुवातीला आठवड्याला एक कोटी खपत होती. त्याच वेळी काम गेलेले सुतार आणि वास्तुरचनाकार घरातल्या बाकावर लाकडी कोडी कापून विकत, नाहीतर औषधांच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून ती भाड्याने देत. पैसा कमी आणि हात मोकळे, अशा दिवसांत माणसांनी करवत उचलली. आज निवृत्तीनंतरची वीस-पंचवीस वर्षं ज्यांच्यापुढे पसरली आहेत, अशी कितीतरी मराठी माणसं हात मोकळे ठेवून मोबाइलवर सकाळचे निरोप पुढे पाठवत बसलेली आहेत. त्यांच्या हातांत करवत का नसावी?

घरोघरी लोक लाकूड कापू लागले तर कारागिराचं काय, अशी शंका येईल. सावंतवाडीचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. तिथले चितारी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट आणि देव्हारे करत आले. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफा या हाताने रंगवलेल्या पत्त्यांना आणि लाखकामाला पुन्हा उभारी दिली नसती, तर ही कला पुस्तकातच राहिली असती. पण राजवाडा काही गिऱ्हाईक तयार करत नाही. चितार आळीत येऊन ‘एवढ्याशा आंब्याला इतके पैसे?’ असं विचारणारा माणूस तोच असतो, ज्याने आयुष्यात कधी कानस हातात धरलेली नाही. ज्याने स्वतः एक नंदी कापला आहे, दोनदा पातं मोडलं आहे, तिसऱ्यांदा शिंग तुटलं म्हणून ठोकळा टाकून दिला आहे, तो माणूस त्या आंब्याची गोलाई पाहतो, वरचा लाखेचा थर पाहतो आणि घासाघीस न करता पैसे काढतो. घरचा हौशी कापणारा कारागिराचा प्रतिस्पर्धी होत नाही. तो त्याचं सर्वांत जाणतं गिऱ्हाईक होतो.

ही जाण लहानपणी आली तर उत्तम, आणि इथे आपण फार मोठी संधी हातची घालवली आहे. युरोपच्या उत्तरेला हाच विचार दीडशे वर्षांपूर्वी शाळेत आला. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे १८६६ पासून लोकशाळांत हस्तकाम सक्तीचं झालं. स्वीडनमध्ये नेस या ठिकाणी ऑटो सालोमोन यांनी ‘स्लॉइड’ नावाची पद्धत घडवली आणि देशोदेशींच्या शिक्षकांना शिकवली. तिची एक अट फार सुंदर होती. मुलाने शाळेत केलेली वस्तू घरात खरोखर वापरता आली पाहिजे. लोण्याची लाकडी सुरी, कपडे अडकवायचा हँगर, पोळपाटासारखी फळी अशा वस्तू मुलं करत आणि घरी नेत. म्हणजे लाकूडकामाचा तासच घरच्यांसाठी भेट करण्याचा तास होता. शांतिनिकेतनमधले लक्ष्मीश्वर सिन्हा १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे शिकायला स्वीडनला गेले होते.

आपल्या मातीत तर हा विचार वर्ध्यातून उगवला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारा आराखडा मांडला. त्यात सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, आणि मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला त्या कार्यानुभवाचं काय झालं हे माहीत आहे. तो तास गणिताला दिला गेला. पुठ्ठ्याचं घर परीक्षेच्या आदल्या रात्री आईने केलं. सुतारकामाच्या खोलीत जुनी बाकं रचली गेली आणि दाराला कुलूप लागलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने करत शिकण्याची पद्धत ग्रामीण मुलांसाठी उभी केली आणि ती शाळांपर्यंत नेली. ते होऊ शकतं हे त्यांनी दाखवलं. बाकीच्या शाळांनी ते मनावर घ्यायचं राहिलं आहे.

एक इशारा मात्र ठणकावून द्यायला हवा. लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था १९९५ पासून लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात धरते. एमडीएफ तर लाकडाच्या तंतूंना बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंकाने चिकटवून दाबलेलं असतं आणि फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. स्वस्त आहे आणि सहज कापलं जातं म्हणून मुलांच्या खेळण्यांना एमडीएफ वापरणं बंद करावं. कापताना नाका-तोंडावर चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसणं, यात तडजोड नको. विजेच्या करवतींमध्ये स्क्रोल सॉ तुलनेने शांत यंत्र आहे, पण बोटाला ते ओळखत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाने आधी हाताच्या फ्रेटसॉवर बसावं, तेही मोठं माणूस शेजारी असताना. खेळण्याला रंग देण्याऐवजी लाखेचं पॉलिश किंवा मधमाश्यांचं मेण पुरे. औषधाच्या गोळ्यांवरही लाखेचा लेप देतात, म्हणजे बाळाने नंदीचं शिंग चोखलं तरी काळजीचं कारण नाही.

लाकूड कुठून आणायचं, या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर पुष्कळ कुटुंबांच्या डोळ्यांदेखत वखारीत चाललं आहे. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात, कोकणात जुनी घरं आणि वाडे पाडले जात आहेत. पुनर्विकास थांबणार नाही, भावंडांच्या वाटण्याही थांबणार नाहीत. पण ठेकेदार सागवानी तुळया आणि वासे ट्रकमध्ये भरतो त्या दिवशी एक वासा बाजूला काढून ठेवायला कुणाची हरकत नसते. शंभर वर्षं जुना साग पुरता सुकलेला असतो, तो वाकत नाही, तडकत नाही. त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात, म्हणून आधी चुंबक फिरवावं, नाहीतर पातं पहिल्याच मिनिटाला जातं. सागात वाळूचा अंश असल्याने पाती लवकर बोथटतात, ती डझनाने आणावीत. वखारीत त्या वाशाच्या तीन-तीन मिलिमीटरच्या पातळ फळ्या काढून घ्याव्यात. चार फळ्या एकावर एक ठेवून कडांना चिकटपट्टीने बांधाव्यात. वर वाड्याच्या जुन्या फोटोवरून काढलेलं रेखाचित्र चिकटवावं: दिंडी दरवाजा, ओसरी, ओसरीवरचा झोपाळा, अंगणातलं तुळशीवृंदावन. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली की लाकूड करपत नाही. एकदाच करवत फिरते आणि चार भावंडांसाठी चार वाडे निघतात, एका मापाचे, एकाच वाशाचे. वाटणीत काय कुणाला मिळालं यावरून ज्या घरात वर्षानुवर्षं बोलणं बंद आहे, तिथे दिवाळीला अशी एक फळी पाठवून पाहावी. वकिलाच्या नोटिशीपेक्षा ती नक्कीच लवकर वाचली जाईल.

या कामासाठी एरवी सरकारची वाट पाहण्याचं कारण नाही, पण शाळांच्या बाबतीत एक दार आधीच उघडलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायला. मुख्याध्यापकांनी त्या दहांतले निदान चार दिवस लाकडाला द्यावेत. गावातल्या सुताराला मानधन देऊन, खुर्चीवर बसवून, ‘सर’ म्हणून बोलवावं. कुलूप लावलेली खोली झाडून घ्यावी. मुलांनी पहिलं नाव स्वतःचं कापू नये, घरातल्या कुणाचं तरी कापावं, आजीचं असेल तर फारच छान. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडच्या एका तावातून एक फूट लांब आणि अर्धा फूट रुंद अशा साठेक पट्ट्या निघतात. एका वर्गाला त्या पुरतात.